वजनाचे यंत्र परत करा, कुलपे काढा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : मंडईच्या चौकातून उचलून नेलेले वजनाचे यंत्र आणि त्या यंत्राने सांगितलेली अंतरे.

महोदय,

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास आपल्या अतिक्रमण विभागाचा टेम्पो मंडईच्या चौकात आला आणि तेथील किराणा दुकानाच्या ओट्यावर उभे असलेले लाल रंगाचे वजनाचे यंत्र घेऊन गेला. ते यंत्र मी तयार केले होते. पंचनाम्यात त्याचे वर्णन ‘विनापरवाना जाहिरात साहित्य, नग एक’ असे केलेले आहे आणि कारवाई १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमाखाली झाल्याचे त्यात लिहिले आहे. त्याच ओट्याच्या डोक्यावर त्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तीन फलक लटकत होते. ते अजूनही लटकत आहेत, आणि ज्यांचे वाढदिवस होते त्यांचे वय आता एक महिन्याने वाढलेही आहे.

यंत्र परत मिळावे म्हणून मी प्रभाग कार्यालयात दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच माझ्याजवळ आहे, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्याला उद्देशून असले, तरी ज्यांनी त्या यंत्रापुढे रांग लावली होती त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. हे यंत्र माझ्या एकटीच्या पैशातून उभे राहिले असले, तरी त्यातला मजकूर त्यांचा होता.

ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी त्याचे वर्णन करते. रेल्वेच्या फलाटावर पूर्वी वजनाची जी यंत्रे असत, ती आपणही लहानपणी पाहिली असतील. पत्र्याची उंच पेटी, काचेमागे फिरणारी रंगीत चकती, भोवताली उघडझाप करणारे लाल-पिवळे दिवे. पायथ्याच्या पाटावर उभे राहायचे, चकती थांबेपर्यंत वाट पाहायची, नाणे टाकायचे, की ‘खट्’ असा आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट खालच्या खोबणीत पडे. त्याच्या एका बाजूस वजन असे आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. वजन खरे असो वा नसो, भविष्य मात्र सगळे वाचत. तशी एक पेटी मला जुन्या बाजारात भंगारात मिळाली. मी व्यवसायाने वस्तुरचनाकार आहे आणि हा विषय शिकवतेही. माझ्या चार विद्यार्थिनींनी आणि एका वेल्डिंगवाल्या दादांनी मिळून दोन महिने खपून ती पुन्हा जिवंत केली.

आमच्या यंत्रावर वजनाऐवजी अंतर छापून येत असे. पेटीवर तीन बटणे होती. ‘पुरुष’ हे बटण दाबले, की दिवे लुकलुकण्याच्या आतच तिकीट पडे : ‘जवळची मुतारी : ९० पावले. शुल्क नाही.’ ‘स्त्री’ हे बटण दाबले, की चकती बराच वेळ फिरत राही, मग पाच रुपयांचे नाणे टाका अशी पाटी उजळे, आणि नाणे टाकल्यावर तिकीट येई : ‘जवळचे स्वच्छतागृह : ६४० पावले. कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे ते ठाऊक नाही.’ टाकलेले नाणे खालच्या वाटीत परत येत असे, कारण आम्हाला पैसे जमवायचे नव्हते. तिसऱ्या बटणावर चाकाच्या खुर्चीचे चित्र होते. ते दाबले, की सगळे दिवे लागत, चकती फिरे, खट् आवाज होई आणि कोरे तिकीट बाहेर पडे.

तिकिटाच्या मागे भविष्य होते. ‘आज पाणी पिण्याचा योग नाही.’ ‘सुटे पैसे जवळ बाळगावेत, ग्रहमान प्रतिकूल आहे.’ ‘लांबचा प्रवास घडेल, कडी नसलेल्या दारापाशी एक अनोळखी स्त्री मदतीस उभी राहील.’ हे शेवटचे भविष्य सर्वांत लोकप्रिय ठरले. ते वाचून बायका हसत आणि मग शेजारच्या बाईला आपण कोणासाठी कधी दार धरून उभ्या होतो ते सांगू लागत. पालेभाजी विकणाऱ्या एक मावशी तिकीट हातात घेऊन म्हणाल्या, ‘पावलं कुणाची मोजली गं? माझी की तुझी?’ प्रश्न रास्त होता. पावले आम्ही साडी नेसून, हातात पिशवी घेऊन मोजली होती. पण मावशींचे गुडघे दुखतात हे आमच्या हिशेबात नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकिटावर एक ओळ वाढवली : ‘गुडघे दुखत असल्यास दीडपट धरावे.’

हे यंत्र त्या ओट्यावर अकरा दिवस उभे होते. दुकानदारांची परवानगी होती, वीज त्यांच्या मीटरची होती, पदपथाचा एक इंचही अडवलेला नव्हता.

यंत्र उचलताना आपल्या एका अधिकाऱ्यांनी मला समजावणीच्या सुरात सांगितले, की तक्रार असेल तर रीतसर अर्ज करावा, असली खेळणी कशाला? त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करते. पण अर्ज मी केले होते. तीन वर्षांत पाच अर्ज केले. त्यांतील दोनांवर ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा आला आणि उरलेल्या तिघांचे काय झाले ते कळले नाही. अर्ज वाचणारा माणूस एक असतो आणि तोही वाचेलच असे नाही. वजनाच्या यंत्रापुढे मात्र संध्याकाळी पंधरा-वीस माणसे उभी राहत. विशेष म्हणजे पुरुषही उभे राहत, आणि गमतीने ‘स्त्री’चे बटण दाबून पाहत. आपल्या तिकिटावर ९० आणि बायकोच्या तिकिटावर ६४० पाहून एक गृहस्थ बराच वेळ दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी धरून उभे होते. मी आजवर लिहिलेल्या कोणत्याही अर्जाने एवढे काम केलेले नाही.

खेळण्यातून असे काही सांगता येते, हा माझा शोध नव्हे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये एका पटखेळाचे पेटंट घेतले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडे भरणारे कसे नागवले जातात, हे खेळता खेळता कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. त्याच खेळातून पुढे ‘मोनोपॉली’ निघाला, आणि आपल्या घरांतून मे महिन्याच्या सुटीत खेळला जाणारा ‘व्यापार’ त्याच वंशातला. दुसऱ्याला कंगाल केल्याशिवाय त्यात जिंकता येत नाही. मॅगीबाईंचा मूळ मुद्दा वाटेतच गळून पडला. आपल्याकडे तर परंपरा ज्ञानदेवांच्या नावावर सांगते तो मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वजच, आणि त्याचा हेतूही निव्वळ करमणूक हा नव्हता.

पण मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते एका बाकाचे. फाबियान ब्रुन्सिंग या जर्मन कलाकाराने २००८ मध्ये सार्वजनिक जागेसाठी एक बाक केला, ज्याच्या बैठकीतून लोखंडी खिळे वर आलेले असत. नाणे टाकले की खिळे आत जात, माणूस बसू शके. वेळ संपत आली की सूचना होई आणि खिळे पुन्हा वर येत. बसण्यासारख्या साध्या गोष्टीलाही पैसे मोजावे लागले तर कसे दिसेल, हे त्याला दाखवायचे होते. दोन वर्षांनी चीनमधील यानताई येथील एका उद्यानात तसे बाक खरोखरच बसवल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे लोकांनी फार वेळ बसून राहू नये म्हणून. उपहास म्हणून केलेली वस्तू कोणी नमुना म्हणून उचलली, तर रचनाकाराने काय करावे, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारते. यंदा तो मलाच पडला. टेम्पो येण्याच्या चार दिवस आधी आपल्याच एका विभागातील गृहस्थ यंत्र निरखून पाहून गेले आणि त्यांनी मला अगदी मनापासून विचारले, की ‘याला क्यूआर कोड बसवून शुल्क वसूल करता येईल का?’

आता माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगते. माझी आई ७६ वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला उकिडवे बसता येत नाही. मंडईत जाणे हा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. भाजी निवडून घेणे, ओळखीच्या बायकांशी दोन शब्द बोलणे, येताना फुलपुडी आणणे. गेल्या दोन वर्षांत ती मंडईत गेलेली नाही. गुडघे आता बरे आहेत. ती म्हणते, ‘मध्येच लागली तर जाऊ कुठे?’ या वाक्यावर घरात आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नाही.

दुसरा संबंध मला सांगायला अवघड जातो. पंचवीस वर्षांपूर्वी नवखी असताना मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात आरेखनाचे काम करत होते आणि एका सार्वजनिक स्वच्छतागृहाचा नकाशा मी स्वतः काढला आहे. चौकोनाच्या मधोमध एक रेघ मारली, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ तंतोतंत सारखे होते आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. स्त्रियांच्या बाजूस चार आसने बसली. पुरुषांच्या बाजूस तीन आसने आणि शिवाय भिंतीलगत पाच मुताऱ्या बसल्या, कारण मुतारीला जागा कमी लागते. म्हणजे एका वेळी आठ पुरुष आणि चार बायका. त्यातही साडी सावरणे, लहान मूल सोबत असणे, पाळीचे दिवस, या सगळ्यांमुळे स्त्रीला वेळ अधिक लागतो हे त्या रेघेला ठाऊक नव्हते, आणि रेघ मारणाऱ्या बाईलाही तेव्हा सुचले नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयांसाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन असे प्रमाण दिलेले आहे. स्त्रियांना आसने अधिक लागतात, एवढे तरी तेथे मान्य झालेले आहे. आपल्या शहरातील जुन्या इमारती मात्र माझ्या त्या रेघेसारख्याच आहेत.

म्हणून या तक्रारी मी केवळ महापालिकेकडे बोट दाखवून करत नाही. तरीही त्या करणे भाग आहे.

पहिली तक्रार शुल्काची. मंडईच्या मागे पुरुषांची मुतारी फुकट आहे आणि स्त्रीने केवळ लघवीला जायचे असले तरी पाच रुपये द्यावे लागतात. पहाटे चारला घरातून निघून दुपारी दोनला परतणारी भाजीवाली तीन वेळा गेली, तर दिवसाचे पंधरा रुपये आणि महिन्याचे साडेचारशे रुपये होतात. त्यापेक्षा ती पाणी पीत नाही. त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात आणि मग डॉक्टरांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. हा भेद कोणाच्या दुष्टपणातून आलेला नाही, तो व्यवहारातून आलेला आहे, आणि तो व्यवहार समजून घेतल्याशिवाय सुटणार नाही. स्वच्छतागृह चालवायला दिले जाते ते ‘पैसे द्या आणि वापरा’ या तत्त्वावर. वीज, पाणी, साफसफाई, माणसाचा पगार हे सर्व चालवणाऱ्याने शुल्कातून भागवायचे. पुरुषांच्या मुताऱ्यांना आडोसा उघडा असतो, तेथे कोण किती वेळा गेले ते मोजणे शक्य नाही, म्हणून त्या फुकट. स्त्री मात्र दाराआड जाते, आत ती कशासाठी गेली हे बाहेर बसलेल्याला कळत नाही, म्हणून सरसकट शुल्क. परिणामी स्वच्छतागृहाचा खर्च बऱ्याच अंशी बायकांच्या पाच-पाच रुपयांतून चालतो आणि त्यातली फुकट बाजू पुरुष वापरतात. मुंबईत २०११ पासून अनेक संस्थांनी मिळून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली, तिचा मुख्य मुद्दा हाच होता. त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. आमच्या मंडईत तो मुद्दा आज सकाळीसुद्धा ताजा होता.

येथेच बाहेरच्या टेबलाशी बसणाऱ्या ताईंविषयीही लिहिले पाहिजे, कारण लोकांचा सगळा राग त्यांच्यावर निघतो. त्या त्याच इमारतीतील पायखान्याशेजारच्या खोलीत मुलासह राहतात. ठरलेली रक्कम रोज संध्याकाळी चालवणाऱ्याला द्यावी लागते, ती भरली नाही तर पगारातून जाते. सुटे नाहीत म्हणून एखाद्या बाईला त्यांनी परत पाठवले, तर तो त्यांचा उर्मटपणा नसून त्यांच्या डोक्यावरचा हिशेब असतो. आमच्या यंत्राला हे सांगता आले नाही, ही त्याच्या रचनेतील उणीव मी मान्य करते.

दुसरी तक्रार कुलपांची. ६४० पावलांवरचे जे स्वच्छतागृह तिकिटावर होते, ते बांधून पूर्ण झालेले आहे, त्याला फरशी आहे, नामफलक आहे, उद्घाटनाचा दगड आहे. नाही ती फक्त किल्ली. दुकानदार म्हणतात किल्ली मुकादमाकडे, मुकादम म्हणतात आरोग्य निरीक्षकांकडे, निरीक्षक म्हणतात हस्तांतरण झालेले नाही. जी उघडी आहेत ती सकाळी सातला उघडतात आणि रात्री नऊला बंद होतात. मंडई मात्र पहाटे चारला भरते. ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांचा अर्धा दिवस ती उघडण्यापूर्वीच सरलेला असतो. एसटीच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. त्यामुळे आसपासच्या गावांहून बाजाराला, दवाखान्याला, देवदर्शनाला येणाऱ्या बायकांची संख्या वाढलेली कोणालाही डोळ्यांनी दिसते. त्या बसमधून उतरतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच. आमच्या यंत्रापुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेल्या अशा बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांना ते यंत्र खेळणे वाटतच नव्हते. त्या खरोखरच रस्ता विचारत होत्या.

उघडे असते तेथे आत काय असते, हे थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ते ठाऊक आहे आणि न वाचणाऱ्यांना ते नको आहे. कडी नाही. खुंटी नाही, त्यामुळे पर्स दातांत धरावी लागते. दिवा आहे, बल्ब नाही. नळ आहे, पाणी बाहेरच्या पिंपात. वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही, म्हणून ते खिडकीच्या जाळीत खोचलेले असतात आणि मग ‘बायकाच घाण करतात’ अशी पाटी लागते. खुंटीची किंमत वीस रुपये असते, महोदय. मी वस्तुरचना शिकवते, म्हणून सांगते, की चांगली रचना म्हणजे दर वेळी नवी इमारत नव्हे. ती वीस रुपयांची खुंटी योग्य उंचीवर असणे हीसुद्धा रचनाच असते.

कोऱ्या तिकिटाविषयी अनेकांनी विचारले, की यंत्र बिघडले आहे का? ते बिघडलेले नव्हते. मंडईच्या परिसरात चाकाची खुर्ची आत नेता येईल असे एकही स्वच्छतागृह आम्हाला सापडले नाही. एका ठिकाणी उतार बांधलेला आहे. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट धरली, तर एकास बारा या मान्य प्रमाणाने तो उतार अठरा फूट लांब हवा. तेथे तो चार फूट आहे, आणि वर पोचल्यावर उंबरठा आहे. त्यावरून खुर्ची नेण्यापेक्षा घसरगुंडी म्हणून तो मुलांना द्यावा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी तर आमच्या पेटीवर बटणच नव्हते. चौथ्या दिवशी एकीने येऊन विचारले, ‘मी कुठलं दाबू?’ आम्ही खजील झालो. पुढच्या आवृत्तीत ते बटण असेल, पण त्यातून निघणाऱ्या तिकिटावर काय छापायचे, ते आपण ठरवायचे आहे.

आणि शेवटची तक्रार प्रवेशद्वारावरच्या त्या मोठ्या फलकाची, ज्यावर आपल्या शहरास हागणदारीमुक्त दर्जात दोन अधिक चिन्हे मिळाल्याचे अभिमानाने लिहिले आहे. त्या गुणांविषयी मला काही म्हणायचे नाही. फक्त तो फलक ज्या भिंतीवर आहे तिच्या आडोशाला रोज संध्याकाळी काय चालते, ते आपण एकदा गाडीतून न उतरता, काच खाली करून पाहावे. वासानेच कळेल.

हे सर्व कायद्याच्या बाहेरचे मागणे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेने करावयाच्याच कामांची जी यादी आहे, तिच्यात सार्वजनिक शौचालये आणि मुताऱ्या बांधणे, राखणे व स्वच्छ ठेवणे हे काम आहे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल देताना स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे असणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि राज्यातील महापालिकांना त्यासाठी निर्देश दिले. एका मासिकाला, म्हणजे मुख्यतः वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बायकांना, मुतारीसाठी उच्च न्यायालयात जावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. करता येत नाही असेही नाही. पुण्यात २०१६ मध्ये जुन्या बसगाड्यांची डागडुजी करून ‘ती’ या नावाने स्त्रियांची फिरती स्वच्छतागृहे सुरू झाली होती. आपल्या डेपोमागे गंजत पडलेल्या गाड्या रोज जाता-येता दिसतात.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. मंडई आणि एसटी स्थानक परिसरातील स्वच्छतागृहांत स्त्रियांना लघवीसाठी शुल्क आकारणे थांबवावे आणि त्यामुळे चालवणाऱ्याचे जे उत्पन्न बुडेल ते कराराच्या अटी बदलून महापालिकेने भरून द्यावे. ते टेबलाशी बसणाऱ्या ताईंच्या पगारातून कापले जाऊ नये. ६४० पावलांवरच्या इमारतीचे हस्तांतरण ज्या कागदावर अडले आहे तो कागद पुढील तीस दिवसांत निकालात काढावा आणि इमारत उघडावी. मंडईजवळचे किमान एक स्वच्छतागृह पहाटे साडेतीनपासून उघडे राहावे. सर्व स्वच्छतागृहांची यादी, उघडण्याच्या वेळा आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांचे पद, एवढे तरी प्रत्येक दारावर मराठीत लिहावे. कडी, खुंटी, बल्ब आणि झाकणाचा डबा यांसाठी निविदेची वाट न पाहता प्रभागाच्या किरकोळ खर्चातून खरेदी करावी. एक तरी कमोडचे आसन आणि धरायला दांडा असलेली खोली करावी. माझ्या आईला मंडईत परत जायचे आहे. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ पाहू नये, एका वेळी किती स्त्रिया आणि किती पुरुष आत मावतात ते पाहावे, आणि तो नकाशा मंडईतल्या दहा बायकांना दाखवून त्यांची सही घ्यावी. त्यांपैकी किमान एक पालेभाजीवाल्या मावशी असाव्यात, कारण आमची चूक त्यांनीच काढली होती.

आणि यंत्र परत द्यावे. ते जाहिरात नाही, कारण त्यात विकायला काही नव्हते. ज्या गोष्टीची जाहिरात व्हावी ती गोष्ट तेथे नाही, एवढेच ते सांगत होते. ते परवानगीशिवाय लावले असे आपले म्हणणे असेल, तर परवानगी कोणत्या खिडकीवर मिळते ते लेखी कळवावे, मी रांगेत उभी राहीन. ज्या दिवशी कुलूप निघेल त्या दिवशी ‘स्त्री’च्या तिकिटावरचा मजकूर आम्ही स्वखर्चाने बदलू. छपाईचा ठसा तयार आहे, फक्त आकडा रिकामा ठेवला आहे.

यंत्र नेण्यास मी कोणत्याही कामाच्या दिवशी टेम्पो घेऊन येऊ शकते. दोन दिवस आधी कळवावे. तोवर आपल्या गोदामात ते उभेच ठेवावे, आडवे पडले तर चकतीचा आस वाकतो. तिकिटांचा पुठ्ठा ओल धरतो, म्हणून वरून प्लॅस्टिक टाकावे. नाण्यांच्या वाटीचे कुलूप कोणी तोडू नये, त्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि मागितल्यास मी ती लगेच देईन.

आपली विश्वासू,
मंडई प्रभागातील एक करदाती